जुनी पिकअप घेताय? आधी तिचा ताप पाहा

फजरची नमाज आटोपून कोणत्याही मार्केट यार्डाकडे गेलात, तर फाटकापाशी पिकअपची रांग दिसते. कुणाच्या हौद्यात टोमॅटोचे क्रेट, कुणाच्या हौद्यात कोंबड्यांचे पिंजरे, तर कुणाच्या भंगाराची पोती. तिकडे कोकणात हर्णे आणि मिरकरवाडा बंदरांवर मासळीसाठी गाड्या उभ्या असतात आणि एप्रिल-मे उजाडला की हापूसच्या पेट्या घाट चढू लागतात. बागवान, मुलाणी, दालदी, भंगारवाले, फर्निचरवाले, मंडपवाले अशा आपल्या कित्येक घरांची चूल या चार चाकांवर पेटते.

नवी गाडी घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. म्हणून पाच-सात वर्षे चाललेली बोलेरो पिकअप, दोस्त किंवा छोटा हत्ती घ्यावा, असा विचार घरात सुरू होतो. पैसा कुठून येतो हेही सर्वांना ठाऊक आहे. थोडी शिल्लक, थोडी भिशी, मामू-चाचांकडून कर्जे-हसना आणि पुष्कळदा अम्मीच्या किंवा सुनेच्या अंगावरचे दागिने. गाडीचा रंग, टायर, हौद्याचा पत्रा आणि कागदपत्रे पाहून सौदा होतो. मिठाई वाटली जाते. मग पहिल्याच उन्हाळ्यात माल भरून घाट चढताना बॉनेटखालून वाफा येऊ लागतात आणि गॅरेजवाला सांगतो, “हेड गेलंय, इंजिन उघडावं लागेल.” गाडी उभी, माल सडलेला, गिऱ्हाईक तुटलेले आणि दागिने गहाणच.

जुन्या मालवाहू गाडीत महागात पडणारे जे दोष असतात, त्यांत इंजिन गरम होण्याचा दोष वरच्या क्रमांकाचा आहे. समाधानाची गोष्ट एवढीच की, नीट पाहिले तर तो बहुतेक वेळा सौद्याआधीच सापडतो. त्यासाठी एक सकाळ, एक जुना फडका, एक बॅटरी आणि थोडा धीर लागतो.

ताप येतो कुठून?

डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यातला जेमतेम तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक भाग गाडी ओढण्याच्या कामी येतो. उरलेल्यातली बरीच उष्णता सायलेन्सरवाटे बाहेर पडते आणि बाकीची इंजिनच्या अंगात राहते. ती बाहेर काढण्याचे काम पाणी करते. वॉटर पंप हे पाणी इंजिनच्या ब्लॉकमधून आणि हेडमधून फिरवून रेडिएटरकडे पाठवतो. तिथे पंख्याच्या हवेने ते निवते आणि परत इंजिनात जाते. मध्ये थर्मोस्टॅट नावाची झडप असते. इंजिन थंड असेपर्यंत ती पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही; साधारण 80 ते 85 अंशांना उघडू लागते. धडधाकट इंजिनचे पाणी 80 ते 95 अंश सेल्सियसच्या आसपास टिकून राहते.

रेडिएटरचे झाकण हे काही डब्याचे साधे झाकण नव्हे. घरातल्या प्रेशर कुकरसारखे ते आत दाब धरून ठेवते. दाब वाढला की पाणी उकळायला जास्त उष्णता लागते. झाकणाने सुमारे 1 बार दाब धरला, तर 100 अंशांना उकळणारे पाणी 120 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर झिजले की ही सगळी सोय गेली. म्हणूनच कधी कधी मोठ्या तक्रारीचे मूळ एका स्वस्त झाकणात निघते.

पाणी कमी झाले किंवा फिरायचे थांबले की आधी हेडवर संकट येते. पुष्कळ इंजिनांत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते. तापल्यावर दोन्ही सारखे प्रसरण पावत नाहीत. हेडला केसाच्या जाडीइतका बाक आला, तरी मधले गॅस्केट नीट बसत नाही. मग जळालेला वायू पाण्यात शिरतो, पाणी ऑइलमध्ये जाते आणि इंजिन आतून खराब होऊ लागते. पाइप किंवा झाकण बदलणे शेकड्यांचे काम आहे. रेडिएटर आणि वॉटर पंप हजारांचे. हेड उतरवून फेसिंग करायचे किंवा संपूर्ण इंजिनकाम करायचे म्हटले की सौद्याचा सगळा हिशेबच उलटा होतो.

जाण्याआधी एक फोन

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे, “भाईसाहेब, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका आणि इंजिन धुऊही नका.” आधीच तापवलेले इंजिन पुष्कळ गोष्टी लपवते. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवावा. तो गरम लागला, तर कारण विचारावे आणि गाडी पुरती निवेपर्यंत थांबावे किंवा दुसऱ्या दिवशी यावे. बाकी गाडी धुळीने माखलेली आणि इंजिन तेवढे चकचकीत, असे दिसले तर गळतीच्या खुणा पुसल्या गेल्या असण्याचा संभव असतो.

सोबत ओळखीचा मिस्त्री न्यावा. तो विकणाऱ्याच्या गल्लीतला किंवा दलालाने सुचवलेला नसावा. त्याच्या दिवसाची मजुरी द्यावी लागली तरी ती जड वाटू देऊ नये.

थंड इंजिनवर काय पाहावे?

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची सूचना ही की, रेडिएटरचे झाकण फक्त थंड इंजिनवरच उघडावे. गरम असताना उघडले तर आतले पाणी उसळून तोंड, हात आणि छाती भाजते. काही गाड्यांत रेडिएटरला झाकण नसते, ते पाण्याच्या बाटलीला असते. नियम तोच.

झाकण उघडल्यावर आत बोट बुडवून पाहावे. कूलंट हिरवा, गुलाबी, निळा कोणत्याही रंगाचा असू शकतो, पण तो स्वच्छ असावा. पाणी गंजाच्या रंगाचे असेल, तर गाडी बरीच वर्षे नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यावर चालली आहे असे समजावे. ज्या भागात बोअरच्या पाण्याने चहाच्या पातेल्याला पांढरा थर चढतो, तिथे तोच थर रेडिएटरच्या नळ्यांतही चढतो. पाण्यावर तेलाचा तवंग असेल किंवा बोटाला चहाच्या सायीसारखा चिकट गाळ लागला, तर प्रकरण गंभीर आहे. पिवळट लगदा दिसला तर नीट विचारावे. गळका रेडिएटर तात्पुरता थांबवण्यासाठी हळदीची पूड टाकण्याचा जुगाड जुन्या ड्रायव्हरांना चांगला माहीत असतो. ही हळद गळती बुजवते, तशाच बारीक नळ्याही बुजवते.

त्यानंतर ऑइलची काडी बाहेर काढावी. डिझेल इंजिनचे ऑइल काळे असणे हा दोष नाही. ते दूध घातलेल्या कॉफीसारखे दिसले, तर त्यात पाणी गेले आहे. ऑइल भरण्याच्या झाकणाखालीही पाहावे. तिथे किंचित पांढरा फेस असेल तर लगेच निकाल देऊ नये. थोड्या थोड्या अंतरावर चालणाऱ्या गाडीत पावसाळ्यात वाफ साचूनही तसे होते. काडीवरचे ऑइल आणि रेडिएटरमधले पाणी यांची साक्ष सोबत जुळवून पाहावी.

आता बॅटरी घेऊन रबरी पाइप पाहावेत. दाबल्यावर ते लवचीक लागावेत. लोण्यासारखे मऊ, लाकडासारखे कडक किंवा क्लिपजवळ फुगलेले नसावेत. तारेने आवळलेले सांधे आणि रेडिएटरच्या कडेला लावलेले एम-सीलचे लेप हे जुन्या दुखण्याचे दाखले असतात. सांध्यांवर वाळलेल्या पाण्याचे पांढरे, हिरवे किंवा गुलाबी ओघळ दिसतात का, तेही पाहावे. वॉटर पंपाखाली एक बारीक छिद्र असते. तिथे ओल किंवा ओघळाचा डाग दिसला तर पंपाचे सील गेलेले आहे. इंजिन बंद असतानाच पंपाची पुली हलवून पाहावी; ती खुळखुळत असेल तर बेअरिंग झिजले आहे. बेल्टला चिरा नसाव्यात.

रेडिएटरसमोरून पाहिल्यावर जाळीतून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. चिखल, भुसा, किडे यांनी जाळी बुजलेली असेल तर हवा जाणार कुठून? हौसेने लावलेले जाड बंपर गार्ड, नावाचे मोठे बोर्ड, जादा दिवे हेही हवा अडवतात. पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे कवच जागेवर आहे का, ते पाहावे. ते तुटले म्हणून काढून टाकले असेल, तर पंखा रेडिएटरमधून पुरेशी हवा ओढत नाही. शेवटी मागे जाऊन कमानपाटे मोजावेत. कंपनीच्या पाट्यांवर जादा पाटे चढवलेले असतील, तर गाडीने कायम क्षमतेपेक्षा जास्त माल ओढला आहे, म्हणजेच इंजिनही कायम तापत राहिले आहे.

चालू करून काय पाहावे?

किल्ली फिरवावी, पण इंजिन लगेच सुरू करू नये. डॅशबोर्डावर इशाऱ्याचे दिवे लागतात का, तापमानाचा काटा जिवंत आहे का, याकडे लक्ष द्यावे. गरम होणाऱ्या गाडीची वायर काढून ठेवण्याची लबाडी कुठे कुठे होते. अर्धा तास चालवूनही जो काटा तसूभर हलत नाही, त्याची साक्ष ग्राह्य धरू नये.

यानंतर थंड रेडिएटरचे झाकण उघडे ठेवूनच इंजिन सुरू करून घ्यावे आणि पाणी पाहावे. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतील, ते अडकलेल्या हवेचे असतात. पण बुडबुडे सतत येत राहिले, किंवा इंजिन रेज केल्यावर पाणी उसळून बाहेर आले, तर जळालेला वायू पाण्यात शिरतो आहे अशी दाट शंका घ्यावी. झाकण लावल्यानंतर, इंजिन अजून थंडच असताना, एक-दोन मिनिटांत वरचा पाइप दगडासारखा कडक झाला, तरी शंका तीच. पक्की खात्री हवी असल्यास बऱ्या गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची तपासणी करता येते. पाण्यात जळालेला वायू असेल तर डिझेल इंजिनवर तो द्रव हिरवा होतो आणि पेट्रोलवर पिवळा.

थर्मोस्टॅटचीही परीक्षा याच वेळी होते. चांगल्या गाडीत रेडिएटरकडे जाणारा वरचा पाइप काही मिनिटे गार राहतो आणि मग थोड्याच वेळात चांगला तापतो. तो पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट काढून टाकलेला किंवा उघडाच अडकलेला असतो. “आपल्याकडे एवढी गरमी, थर्मोस्टॅट हवाय कशाला?” असे सांगणारे मिस्त्री भेटतात. पण तो काढला की इंजिन योग्य तापमानाला यायला उशीर लागतो, डिझेल जास्त जळते आणि झीज वाढते. शिवाय तो का काढावा लागला, हा प्रश्न उरतोच.

पाइपला हात लावताना बाह्या, ओढणी, गळ्यातला रुमाल पंख्यापासून दूर ठेवावा. विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद केल्यानंतरही अचानक फिरू लागतो. लहान मुलांना बॉनेटजवळ येऊ देऊ नये.

धुराकडेही लक्ष द्यावे. थंडीच्या दिवसांत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ दिसणे साहजिक आहे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर चालूच राहिला आणि त्याला गोडसर वास आला, तर कूलंट जळत आहे. अलीकडच्या बीएस-4 आणि बीएस-6 गाड्यांत ईजीआर कूलर नावाचा भाग असतो. तो आतून फुटला तर बाहेर एक थेंबही न सांडता पाणी कमी होत राहते.

खरी परीक्षा चढावावर

मोकळ्या गाडीची सपाट रस्त्यावरची पाच मिनिटांची फेरी काहीच सांगत नाही. हौद्यात नियमात बसेल एवढा माल भरावा आणि निदान अर्धा-पाऊण तास गाडी चालवावी. जवळ चढ असेल तर तो जरूर घ्यावा. सातारकडच्यांना खंबाटकी आहे, चिपळूणकडच्यांना कुंभार्ली आणि कोल्हापूर-रत्नागिरीकडच्यांना आंबा घाट. चढावर गाडी खालच्या गिअरमध्ये हळू चालते. इंजिनला कष्ट जास्त आणि समोरून येणारी हवा कमी. मोठ्यात मोठा दोष इथे उघडा पडतो. दुपारच्या उन्हात गेलात तर अधिक चांगले. गाडीला एसी असेल तर तोही लावावा.

काटा मधल्या रेषेच्या आसपास येऊन स्थिर राहिला पाहिजे. तो वर-खाली नाचत असेल, तर पाणी कमी आहे किंवा आत हवा अडकली आहे. परतल्यावर दहा मिनिटे गाडी जागेवरच चालू ठेवावी. दोषाचा अंदाज असा बांधता येतो: चालताना ठीक आणि उभी असताना तापते, तर पंख्यात बिघाड असण्याची शक्यता अधिक. उभी असताना ठीक आणि वेगात किंवा चढावर तापते, तर रेडिएटर तुंबलेला, पंप कमजोर किंवा गॅस्केट गेलेले असू शकते. पहिले दुखणे बहुधा आटोक्यातले असते, दुसरे तितके सोपे नाही.

मग इंजिन बंद करून कान द्यावा. आत खदखदण्याचा आवाज येतो का? दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करावे. गाडी पुरती निवल्यावर, म्हणजे दोन-तीन तासांनी, पाण्याची पातळी पाहावी. सकाळी खूण केलेल्या पातळीपेक्षा ती खाली गेली असेल, तर ते पाणी कुठे गेले हे कळल्याखेरीज पैसे मोजू नयेत.

दोष सापडला तर

दोष सापडला म्हणजे गाडी टाकाऊ असे नाही. झाकण, पाइप, बेल्ट, वॉटर पंप, रेडिएटर यांपैकी काही बिघडले असेल, तर आपल्या मिस्त्रीकडून खर्चाचा आकडा काढून घ्यावा आणि तेवढी किंमत कमी करायला सांगावी. पण ऑइलमध्ये पाणी, पाण्यात तेल, सतत येणारे बुडबुडे किंवा थंड इंजिनवर कडक होणारा पाइप, यांपैकी एक जरी गोष्ट आढळली, तर सलाम करून निघावे. “हेडचं काम नुकतंच केलंय” असे सांगितले गेले, तर बिल आणि फेसिंग करणाऱ्या वर्कशॉपचा पत्ता मागावा. काम खरेच झाले असेल, तर पत्ता सांगायला कुणी आढेवेढे घेत नाही.

कागदपत्रांचेही दोन शब्द. चासीस आणि इंजिन क्रमांक आरसीशी जुळवावेत. कर्जाचा बोजा असेल तर फायनान्स कंपनीचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 घ्यावा. नावावर करण्यासाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी करावी लागते, हा खर्चही धरावा.

दीन काय शिकवतो?

सहीह मुस्लिममधील एक प्रसंग अनेकांना ठाऊक असेल. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला आणि त्यांच्या बोटांना ओल लागली. मालकाने पावसाने भिजल्याचे सांगितले. त्यावर, लोकांना दिसावे म्हणून भिजलेला भाग वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही असे बजावले. या प्रसंगातून दोघांनाही शिकवण मिळते. विकणाऱ्याने ओल वर आणून दाखवावी आणि घेणाऱ्याने वरवर न पाहता ढिगात हात घालावा. तपासून घेणे म्हणजे समोरच्यावर संशय घेणे नव्हे. “आपलाच माणूस आहे, काय तपासायचं?” ही भीड पुढे नाती तोडते.

आपल्या फिकहमध्ये या बाबतीत मोठी सोय आहे. व्यवहार पक्का करताना ठरावीक मुदतीत तो रद्द करण्याचा हक्क राखून ठेवता येतो. त्याला खियारे-शर्त म्हणतात. इमाम अबू हनीफा आणि इमाम शाफिई या दोघांच्याही मते ही मुदत तीन दिवसांपर्यंत ठेवता येते. म्हणजे कोकणातल्या शाफिई घरांना आणि देशावरच्या हनफी घरांनाही ती उपयोगी आहे. तीन दिवस गाडीची रीतसर परीक्षा घ्यावी आणि मगच हो म्हणावे. “जशी आहे तशी” म्हणून विकली, तरी माहीत असलेला दोष लपवणे सचोटीत बसत नाही; तपशिलासाठी आपल्या मसलकच्या आलिमांना विचारावे. पैसे थोडे आता, थोडे नंतर द्यायचे असतील, तर ते लिहून आणि साक्षीदार ठेवून करावे. सूरह अल-बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आहे.

आणखी एक गोष्ट घरातल्या पुरुषांनी ध्यानात ठेवावी. बायकोचा मेहर आणि तिचे दागिने ही तिची मालमत्ता आहे. तिने राजीखुशीने दिले, तर ते कर्ज आहे की भेट, हे आधीच स्पष्ट असावे. ज्या सौद्यात तिचे सोने आहे, त्या सौद्यात “मिस्त्रीला नेलं होतं का? घाट चढवून पाहिला का?” असे विचारण्याचा तिला पुरेपूर हक्क आहे. तिला उत्तर दिलेच पाहिजे.

घेतल्यानंतर

गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात जुने पाणी काढून टाकावे, आतून धुऊन घ्यावे आणि कंपनीने सांगितलेला कूलंट भरावा. आपल्याकडे पाणी गोठण्याचा प्रश्न नाही, पण कूलंट गंज रोखतो आणि उकळण्याची मर्यादा वाढवतो, म्हणून तो हवाच. झाकण आणि थर्मोस्टॅट नवे बसवावेत. रोज सकाळी इंजिन सुरू करण्याआधी पाणी आणि ऑइल पाहण्याची सवय लावून घ्यावी. एरवी वापरल्या जाणाऱ्या बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल हे विष असते आणि त्याची चव गोड असते. ते पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नये. सांडले तर लगेच धुऊन टाकावे, म्हणजे मुले आणि जनावरे सुरक्षित राहतील.

वाटेत काटा वर चढू लागला, तर गाडी बाजूला घेऊन थांबावे. काटा लालवर जात असेल किंवा वाफ येत असेल, तर इंजिन लगेच बंद करावे. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नये, हेडला तडा जातो. मालाला उशीर झाला तरी तेवढा सोसावा. “अजून चार किलोमीटर काढू” या हट्टापायीच पुष्कळ इंजिने जातात.

एक साधी वही गाडीत ठेवावी. पाणी केव्हा बदलले, कोणता भाग टाकला, कधी तापली, सर्व तारखेसह लिहावे. काही वर्षांनी आपणच ही गाडी दुसऱ्याला विकणार आहोत. त्याच्याही घरात कुणाचे तरी दागिने गहाण असतील. त्या दिवशी ही वही त्याच्या हाती द्यावी. इन्शाअल्लाह, त्या व्यवहारात बरकत असेल.